आत्याचे साचे

लग्नपत्रिका हातात आली की आमच्या घरी आधी बोट फिरतं, मजकूर मग वाचला जातो. गणपती उठावाचा आहे की नुसता छापलेला, हे बोटाला कळतं. ही सवय माझ्या आत्याची. तिचं सासर ग्वाल्हेरचं. लष्कर भागात, नया बाजारात, जिना चढून गेलं की दोन खोल्या. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी जिथे पडली तेच हे लष्कर, आणि शिंद्यांबरोबर तिकडे गेलेली मराठी घरं आजही तिथे आहेत. आत्याच्या मराठीत हिंदी कधी शिरायची ते तिलाही कळत नसे. "जरा ठहर गं, हे सुखू दे," असं बोलायची.

2003 च्या एप्रिलमध्ये मी बेळगावहून गोवा एक्सप्रेसने तिच्याकडे गेले ती एक कामगिरी घेऊन. आतोबा जाऊन पाच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. "एकटी काय करते तिकडे? घेऊन ये तिला," असं बाबांनी बजावलं होतं. मी दोन माणसांचं परतीचं तिकीट काढूनच गेले होते.

ती काय करते ते पहिल्याच दिवशी दिसलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या 40 पत्रिकांचं काम आलं होतं. छापखान्यात डाय मारून कापलेले कमळाचे, कलशाचे, आंब्याचे आकार ती शेकड्याने विकत आणायची. त्यांवर उठाव मात्र घरी. छापखान्यात उठाव करायचा तर धातूचा ब्लॉक करून घ्यावा लागतो, आणि 40 पत्रिकांसाठी तो खर्च कोण करणार? म्हणून साचे घरचे.

करायची रीत सोपी वाटते, पण हात बसावा लागतो. कापलेलं कमळ निळसर पारदर्शक फिल्मवर ठेवून त्याची कड आखायची. मग त्या रेषेच्या आत तीन मिलिमीटर सोडून दुसरी रेष काढायची आणि ब्लेडने ही आतली रेष कापायची. कड सपाट राहते, मधलं कमळ तेवढं वर येतं. साचा बाहेरच्या रेषेवरच कापला तर कमळाला टेकायला जागाच उरत नाही, ते सरळ भोकातून खाली उतरतं. बाहेरच्या रेषेला लागून फिल्मचे तीन बारीक तुकडे अडसर म्हणून चिकटवायचे, म्हणजे प्रत्येक कमळ त्याच जागी बसतं, पुन्हा पुन्हा मापं घ्यावी लागत नाहीत. एक फिल्म कागदाहून जेमतेम जाड, तिचा उठाव डोळ्याला दिसत नाही. तीन एकमेकींवर चिकटवल्या की अर्धा मिलिमीटर होतो. त्याहून जाड केलं तर कागद फाटतो.

खाली जुन्या फोटोफ्रेमची काच, दोन बाजूंना दोन जाड पुस्तकं, मधे छोटा दिवा. साचा काचेवर, त्यावर कार्ड पालथं. मागून मेणबत्तीचा तुकडा फिरवायचा, म्हणजे लेखणी अडत नाही. लेखणी म्हणजे शाई संपलेली रिफिल, नाहीतर क्रोशाच्या सुईची बोथट बाजू. आधी कडेकडेने, मग आत. वीज गेली की (आणि ती रोज जायची) आत्या सगळं उचलून खिडकीच्या काचेला चिकटवायची आणि उभ्याने काम चालू ठेवायची.

मला वाटलं, यात काय आहे! मी 'स्वागत' असा साचा कापायला घेतला. 'व'चं पोट गळून पडलं. शिरोरेषा सलग कापली तर अक्षरांमधला भाग जिभेसारखा लोंबायला लागला. कसाबसा जोडून तो साचा सुलटा ठेवला आणि बारा कार्डं दाबली. उलटून पाहते तो सगळीकडे 'स्वागत' आरशातलं! मागून दाबायचं असतं, म्हणून अक्षरांचा साचा पालथा ठेवावा लागतो. कमळाला ती अडचण नाही, डावं-उजवं सारखंच.

आत्या काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती मला महंमद गौस यांच्या मकबऱ्यावर घेऊन गेली. सोळाव्या शतकातलं ते बांधकाम, आणि जवळच तानसेनाची समाधी. लोक तिथे तानसेनासाठी जातात. आत्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्यांसमोर उभी राहिली. "बघ, यात एक तरी तुकडा सुटा आहे का?" नव्हता. प्रत्येक चांदणी शेजारणीला कुठेतरी धरून होती. मथुरेच्या देवळांत रंग चाळून सांझी काढतात, तिचे कागदी साचेही असेच असतात, हे तिनेच सांगितलं. घरी येऊन मी 'व'च्या पोटाला दोन बाजूंनी दोन-दोन मिलिमीटरचे पूल ठेवले आणि शिरोरेषा अक्षराअक्षराशी तोडली.

तेव्हाच एका साच्याचा कोपरा उजेडात धरला गेला. निळ्यावर करडी छटा राहिली होती. बरगड्या. तीन ओळीत.

"आत्या, ही एक्स-रेची फिल्म आहे?"

"हो. त्यांच्याच. तेवीस होत्या." ब्लीचच्या पाण्यात घातल्या की वरचा काळा थर सायीसारखा सुटतो, तो कोपरा नीट धुतला गेला नव्हता, एवढंच तिचं म्हणणं. भंगारवाला किलोने मागत होता. त्यातली चांदी काढतात ना! "त्याला दिल्या असत्या तर एक महिन्याचा किराणा आला असता. असे दर महिन्याला येतात." मला गलबलून आलं होतं, आणि ती मात्र ब्लेडचं पान बदलत होती.

40 पत्रिका पूर्ण झाल्या. तीन रुपयांची एक, हिशेब चोख. त्या घ्यायला आलेल्या वहिनींनी तिच्या हाताचं कौतुक केलं, एकशेवीस रुपये दिले आणि पिशवी घेऊन गेल्या. त्या 40 मध्ये एकही आत्याच्या नावाची नव्हती. विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी मी विचारलंच. ती म्हणाली, "पैसे आले ना माझे?" आणि आंब्याची डाळ करायला उठली. आमची आम्ही खाल्ली, पन्हंही प्यायलो.

परतीचं एक तिकीट मी रद्द केलं. बाबा महिनाभर धड बोलले नाहीत माझ्याशी.

आत्या 2016 मध्ये गेली. तिच्या पुतण्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा बेळगावला पाठवला. त्यात अकरा साचे, दोन रिफिली, मेणबत्तीचा तुकडा, आणि तळाशी कागदात गुंडाळलेली एक अख्खी फिल्म. न धुतलेली. कोपऱ्यात आतोबांचं नाव आणि 1998.

आता एक्स-रे मोबाईलवर येतो, तशी फिल्म सहज मिळत नाही. फाईलच्या प्लॅस्टिक कव्हरवर करून पाहिलं, पण ते मऊ पडतं, कड बोथट येते. मागच्या महिन्यात भाचीच्या बारशाला तिच्याच कमळाच्या साच्यावर 30 पत्रिका केल्या. एका पाकळीचा पूल तुटलाय, तिथे मी सेलोटेप लावली आहे. टेपची कडही कार्डावर उठते, एक बारीक सरळ रेघ. बाबांनी पत्रिका हातात घेतली, बोट फिरवलं आणि त्या रेघेपाशी थांबून विचारलं, "हे काय आहे?"