गळाची काठी आणि तीस लागणारीं हत्यारें

आमचें काशीगांव हें आतां गांव राहिलें आहे तें बहुधा नांवापुरतेंच. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता त्याच्या अंगावरून अहोरात्र धांवत असतो, चहूंकडे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि मेट्रोच्या एका स्थानकास गांवाचें नांव देण्यांत आलें आहे. तथापि राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर अद्याप जागच्या जागीं आहेत, आणि घोडबंदरची खाडीही पूर्वींप्रमाणेंच दिवसांतून दोन वेळां भरते व दोन वेळां ओसरते. जुन्या घरांतून या खाडीची एखादी तरी गोष्ट निघतेच. आमच्या घरीं ती गळाची गोष्ट असे, व ती सांगणारे आमचे आजोबा.

दोन वर्षांपूर्वीं आजोबांस अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परत आली, चालणेंही बहुतेक पूर्ववत् झालें. परंतु उजव्या हाताची पकड मात्र गेली ती गेलीच. वडिलांनीं त्यांच्यासाठीं बाजारांतून चकचकीत काठी आणली. तीस दोरा गुंडाळण्याचें चक्र होतें, व तें फिरविण्यास दुसरा हात हवा. आजोबांनीं ती हातीं घेतली, दोनदां तोलून पाहिली, आणि कांहीं एक न बोलतां भिंतीशीं टेकून ठेवली. त्या दिवसापासून घरांत खाडीच्या गोष्टी बंद झाल्या. तेव्हां एका हातानें चालवितां येईल अशी हलकी काठी घरींच करावी असें मीं ठरविलें. त्या कामीं कोणतीं हत्यारें लागलीं व कोणतीं लागलीं नाहींत, तें माझ्या सोबत्यांस उपयोगी पडेल म्हणून येथें लिहीत आहें.

गळानें मासे धरणें हा केवळ पोटाचा उद्योग नव्हे, तो एक विनोदही आहे, हें आपल्याकडील लोकांस फार प्राचीन काळापासून ठाऊक होतें. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२ व्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण असून त्यांत माशांच्या जाती व त्यांस चारावयाचीं आमिषें यांचें वर्णन आहे. ऐझॅक वॉल्टन या इंग्रज ग्रंथकाराचें या विषयावरील प्रसिद्ध पुस्तक निघालें तें १६५३ सालीं, म्हणजे त्यानंतर पांचशें वर्षांनीं! पुढें बांबूच्या सहा चिरफळ्या एकत्र चिकटवून केलेल्या काठ्यांस मोठा मान आला. १९५० च्या सुमारास कांचतंतूच्या व त्यानंतर कोळशाच्या तंतूंच्या, म्हणजे कार्बनच्या, काठ्या निघाल्या. कार्बनची काठी पिसासारखी हलकी असते. पण तिच्यांतून वीज वाहते, म्हणून विजेच्या तारांखालीं ती उभी धरणें जिवावरचें आहे. ओला बांबूही या बाबतींत निर्धोक नाहीं.

पहिलें हत्यार म्हणजे मोजपट्टी. मीं ती काठीस लावण्यापूर्वीं आजोबांच्या डाव्या हातास लावली. मुठीपासून कोपरापर्यंत किती अंतर आहे तें टिपून घेतलें, कारण काठीचें बूड मुठीच्या मागें तितकें वाढवून तें कोपराखालीं टेकावयाचें, अशी योजना होती. तसें केलें म्हणजे भार बोटांवर न पडतां हातावर पडतो. चक्र नको, दोरा शेंड्यासच बांधावयाचा. दोऱ्याची लांबी काठीएवढी ठेवली म्हणजे मासा आपोआप हाताशीं येतो.

बांबू आम्हीं विकत आणला. उद्यानाच्या डोंगरांत बांबू आहे. पण तेथून काडीही तोडणें कायद्यानें गुन्हा आहे, आणि तें योग्यच आहे. दुकानांत आजोबा स्टुलावर बसले व एकेक वेळू नखानें वाजवून पाहूं लागले. कोंवळ्या वेळूचा आवाज बद्द येतो, तीन-चार वर्षांच्या पक्व वेळूचा खणखणीत. “पावसाळ्यानंतर तोडलेला आहे का तें विचार,” असें त्यांनीं मला सांगितलें. त्या दिवसांत बांबूंत पीठूळ अंश कमी असतो, म्हणून त्यास कीड कमी लागते. अखेर नऊ फुटांचा, शेंड्याकडे जवळजवळ भरीव असा एक वेळू त्यांस पसंत पडला. तो दोन महिने सावलींत उभा ठेवून सुकविला. या कामास कोणतेंच हत्यार लागत नाहीं. आणि माझ्या मतें सर्वांत कठीण काम हेंच!

कापण्यासाठीं लोखंड कापावयाची बारीक दातांची करवत घ्यावी. लांकडाच्या मोठ्या करवतीनें तंतू उसवतात. जेथें कापावयाचें तेथें आधीं चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी, आणि पेराशेजारीं कापावें, म्हणजे टोंक चिरत नाहीं. पेरांवरचीं टोंकें चाकूनें काढून कानशीनें साफ करावीं. परंतु सालीस हात लावूं नये. बांबूचें बळ त्याच्या बाहेरच्या तंतूंत असतें. साल तासून काठी गुळगुळीत करूं पाहणारा मनुष्य तिचा कणाच काढून टाकीत असतो. काचकागद फिरवावयाचा तो फक्त पेरांवर, आधीं जाडा व मग बारीक.

यानंतर बांक काढणें. यास शेगडी, ओलें फडकें व जाड हातमोजे एवढें पुरे. आईनें शेगडी दिली ती बऱ्याच अटींवर. काठी आंचेवर सारखी फिरवीत राहावें. साल चकाकूं लागली व तिच्यांतून मेणासारखा ओलावा दिसूं लागला म्हणजे बांबू नरमला असें समजावें. मग गुडघ्यावर बेतानें दाबून सरळ करावा व निवेपर्यंत ओल्या फडक्यानें धरून ठेवावा. बांबू पोकळ असेल तर आधीं तापलेल्या सळईनें पेरें आरपार भोंसकावीं, नाहींतर आंतील कोंडलेली हवा तापून तो फटाक्यासारखा फुटतो. सरळपणा पाहण्याचें यंत्र आजोबांचा डोळा. ते एक डोळा मिटून काठीच्या टोंकाकडून पाहत आणि “तिसऱ्या पेराला अजून जरा,” असें म्हणत. ओळंबा मीं मागून लावून पाहिला. सांगण्यासारखा फरक निघाला नाहीं.

काठी रिक्षांतून नेतां यावी म्हणून तिचे दोन भाग करून मध्यें पितळी नळी बसविली. चिकटविण्यास दोन भाग मिसळून वापरावयाचें इपॉक्सी घ्यावें. सुताराचा सरस पाण्यांत सुटतो. नळीच्या दोन्ही अंगांस व शेंड्याच्या कडीवर दोरा गुंडाळणें हें खरें कौशल्याचें काम. त्यासाठीं बाजारांत यंत्रें मिळतात, पण नवशिक्यास त्यांची गरज नाहीं. बुटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यास समोरासमोर दोन खांचा पाडाव्या, त्यांत काठी ठेवावी, आणि दोरा एका जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून ओढून घ्यावा. पुस्तकाच्या वजनानें दोऱ्यास सारखा ताण राहतो. मीं शब्दकोश वापरला. तो इतका उपयोगी पडलेला घरांत प्रथमच पाहिला, असा शेरा वडिलांनीं मारला. शेवटचे सात-आठ वेढे दुसऱ्या दोऱ्याच्या फासावरून घ्यावे, मग टोंक त्या फासांत घालून फास ओढावा, म्हणजे टोंक वेढ्यांखालीं जाऊन बसतें व गांठ मारावी लागत नाहीं. वर रोगणाचे तीन पातळ हात द्यावे. प्रत्येक हातानंतर एक दिवस वाळूं द्यावें. जाड हात दिला तर ओघळ येतात. ज्यांस चक्राची काठी करावयाची असेल त्यांनीं कड्याही याच रीतीनें बांधाव्या; मात्र त्या कोठें बांधावयाच्या तें काठी वांकवून, दोरा तिच्या बांकास धरून चालतो कीं नाहीं तें पाहून ठरवावें.

मुठीस सुती दोरी गुंडाळली व कोपराजवळ माझ्या जुन्या दप्तराचा पट्टा बसविला. शेंड्यास तराजूचें अर्ध्या किलोचें वजन टांगून पाहिलें; काठी धनुष्यासारखी वांकली व वजन काढतांच सरळ झाली.

पुढच्या रविवारीं भरती सुरू होण्याच्या सुमारास आम्ही घोडबंदरास गेलों. तंगूस, लहान गळ, शिशाचा मणी, बुचाचा तुकडा आणि डबीभर कोळंबी एवढाच सरंजाम. आजोबांनीं पट्टा स्वतःच दांतांनीं ओढून आवळला. मला हात लावूं दिला नाहीं. पाऊण तास बूच नुसतें डुलत होतें. मग तें एकदम बुडालें, काठी कोपराखालीं दाबली गेली, आणि वीतभर शिंगाळा तडफडत कांठावर आला. शिंगाळ्याच्या पाठीवर एक व दोन्ही बाजूंस एकेक कांटा असतो. तो लागला तर हात तासन्‌तास ठणकतो. मी पुढें झालों तों आजोबा ओरडले, “हात लावूं नकोस, पक्कड कोठें आहे?”

पक्कड पिशवींत होती. फडक्यानें मासा दाबून गळ सोडविला, आणि तो लहान होता म्हणून आजोबांनीं त्यास परत पाण्यांत सोडावयास लाविलें. नंतर त्यांनीं डाव्या हातानेंच दुसरी कोळंबी उचलून माझ्यापुढें केली व म्हणाले, “ही लाव. भरती अजून बराच वेळ आहे.”