आज आकडा किती आला?

सोमवार, सकाळचे साडेनऊ. सांगलीतल्या एका हॉस्पिटलचं तळघर. आज आत्याचा सोळावा लाइट. (आमच्या घरी रेडिओथेरपीला रेडिओथेरपी कुणी म्हणत नाही, ‘लाइट’च!) आठवडाभर ती सांगलीत चुलतबहिणीकडे राहते, शनिवार-रविवार साताऱ्याला. त्यामुळे पहाटे उठून कराड, पेठ नाका करत सव्वाशे किलोमीटर गाडी हाणलेली, बारा वाजता माझा एक फोन-इंटरव्ह्यू, आणि दारावर पाटी : ‘मशीनची तपासणी सुरू आहे.’

अकरा वाजले तरी पाटी तिथेच. आत्या शांतपणे वाती वळत बसलेली. माझं डोकं मात्र सटकलं. सरळ ‘मेडिकल फिजिसिस्ट’ लिहिलेल्या दारावर टकटक केलं. आत माझ्याच वयाची एक मुलगी. समोर थर्मामीटर, हवेचा दाब मोजायचं यंत्र आणि एक जाडजूड रजिस्टर.

‘‘रोज पहिल्या पेशंटआधी आम्ही मशीनचा डोस मोजतो, मॅडम. आज आकडा तीन टक्क्यांच्या बाहेर गेला. दुसरा चेंबर लावून परत मोजतेय.’’

तीन टक्के? माझ्या मानधनातून दहा टक्के टीडीएस कापतात, मी हूं की चूं करत नाही! पण इथे जास्त झालं तर चांगल्या पेशी भाजणार आणि कमी पडलं तर गाठ परत येण्याची भीती. मग पोटात गोळा आला. आधीच्या पंधरा लाइटचं काय?

तिने न बोलता रजिस्टर फिरवून माझ्यासमोर धरलं. रोजची तारीख, तापमान, दाब, आकडा, सही. पंधराही दिवस ठीक.

‘‘पण तुम्हीच मोजणार आणि तुम्हीच पास करणार?’’ (पत्रकाराची खोड, दुसरं काय.)

ती हसली. म्हणाली, घरची फूटपट्टीच चुकीची असेल तर रोज मोजूनही उपयोग नाही. १९८८ साली इंग्लंडमध्ये एक्सेटरला तसंच झालं होतं. कोबाल्ट मशीनमध्ये नवा सोर्स बसवताना मोजणी चुकली आणि दोनशेहून जास्त पेशंटना सुमारे २५ टक्के जादा डोस गेला. बाहेरच्या लोकांनी येऊन मोजलं तेव्हा ते कळलं. म्हणून आपल्याकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडून टीएलडीच्या इवल्याशा कॅप्सूल येतात, चक्क पोस्टाने! त्यांना ठरलेला डोस द्यायचा, आपला आकडा लिहायचा आणि परत पाठवायच्या. तिकडे त्यातली पावडर तापवली की ती चमकते, जितका डोस तितकी जास्त. दोन आकड्यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर शोधाशोध सुरू. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९पासून जगभर असंच करतायत. पोस्टाने परीक्षा, आणि परीक्षक ओळखीचा नाही!

पावणेबाराला दोष सापडला. मशीन ठीक होतं, सकाळच्या चेंबरची केबल सैल होती. बारा वाजून दहा मिनिटांनी आत्या आत गेली. माझा इंटरव्ह्यू बोंबलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. ‘‘अगं, आज नवालाच झालं बघ. मी आधी त्या पोरीला विचारलं, आज आकडा किती आला?’’

‘‘मग?’’

‘‘पॉइंट चार म्हणाली. म्हटलं, मग घे मला आत.’’