परतायचंच होतं

११ जानेवारी २०२४
ग्रीन कार्ड काढून पाहिलं. मुदत २०२९. तरी उपयोग नाही. अमेरिकेबाहेर वर्षाहून जास्त राहिलं की नुसत्या कार्डावर परत प्रवेश मिळत नाही.

१५ जानेवारी
संक्रांत. आई गेल्यामुळे यंदा घरात सण नाही. शेजारच्या काकूंनी वाटीभर तीळगूळ आणून ठेवला. "आता कधी निघणार?" म्हणाल्या.

१९ जानेवारी
पहाटे ह्यांचा फोन. एडिसनला बर्फ. वकिलांशी बोलणं झालं. री-एन्ट्री परमिट असतं तर दोन वर्षांपर्यंत चाललं असतं. पण तो अर्ज अमेरिकेत असतानाच द्यावा लागतो. ऑगस्ट २०२२, रात्री फोन: आईची उजवी बाजू गेली, वाचा गेली. मिळेल त्या विमानाने निघाले होते. महिनाभरासाठी.

२० जानेवारी
मार्ग आहे. फॉर्म डीएस-११७. परतणारा रहिवासी म्हणून मान्यता मागायची, मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये. फी १८० डॉलर. तीन गोष्टी दाखवायच्या. निघाले तेव्हा कायम रहिवासी होते. परतायचा इरादा होता आणि तो मध्ये कधी सुटला नाही. उशीर झाला तो माझ्या हाताबाहेरच्या कारणाने.
पहिलीला कार्ड आहे. तिसरीला मिरजेच्या हॉस्पिटलची फाइल. दुसरीला काय?

२ फेब्रुवारी
सल्ले चालू. भाचा म्हणतो, सरळ नेवार्कला उतर, तिथे सांग काय ते. वकील नको म्हणाले. विमान कंपनी इथेच अडवू शकते. तिथवर पोचलेच तर हक्क सोडल्याचा फॉर्म, आय-४०७, पुढे येऊ शकतो. त्यावर सही करायची सक्ती नाही, इमिग्रेशन न्यायाधीशासमोर बाजू मांडता येते. पण प्रवासाने शिणलेलं माणूस काउंटरवर किती वेळ ठाम राहणार?

५ फेब्रुवारी
कोणी म्हणे टुरिस्ट व्हिसा काढ. माझ्याच घरी पाहुणी म्हणून? नाही.

९ फेब्रुवारी
लेकीचा फोन. तिचा जन्म तिथला, एकवीस केव्हाच ओलांडली. "आई, हे नाही झालं तर मी नव्याने अर्ज करते." नागरिक मुलांनी आईवडिलांसाठी केलेल्या अर्जाला वार्षिक कोटा नसतो. वेळ लागेल, पण होईल.
मग हा खटाटोप कशाला, असं तिने विचारलं नाही. मीच सांगितलं. नव्याने यायचं म्हणजे आधीचं सोडलं होतं असं कबूल करायचं. मी काही सोडलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी
दिवसभर कागद. दोघांच्या नावचं बँक खातं. घराच्या कर्जाचे हप्ते. न्यू जर्सीचं लायसन्स. फॉर्म १०४०, इथे असतानाही रहिवासी म्हणूनच भरलेला. विमान कंपनीच्या ई-मेल. परतीचं तिकीट पुन्हापुन्हा पुढे ढकललं होतं. तारीख बदलायचे पैसे भरताना जीव हळहळायचा. आज त्याच ई-मेल गठ्ठ्यात सगळ्यात वर लावल्या.
दुसरीला हे.

२१ फेब्रुवारी
मिरजेला जाऊन डॉक्टरांचं पत्र आणलं. नळीने अन्न, कुशीवर वळवायला माणूस, दोनदा न्यूमोनिया. एकुलती मुलगी जवळ होती, हेही त्यांनी आपण होऊन लिहिलं. पत्र दुचाकीवरून आणताना पदराखाली धरलं.

२७ फेब्रुवारी
निवेदन लिहायला बसले. "आईच्या प्रकृतीत सुधारणा होताच परतणार होते." खरं आहे.
पुढचं वाक्य जमेना. ती गेली म्हणून आता जाता येतंय. हे कसं लिहू?

२८ फेब्रुवारी
लिहिलं. "नोव्हेंबर २०२३ मध्ये आईचं निधन झालं." एवढंच.

१५ मार्च
आईचं सांगलीचं घर माझ्या नावावर झालं. ओळखीचे एकजण म्हणाले, मुलाखतीआधी विकून टाक, इथे पाय रोवल्यासारखं दिसतं. रात्रभर झोप नाही. ह्यांना विचारलं. "घर ठेव. विचारलं तर खरं सांग."

९ एप्रिल
पाडवा. गुढी नाही. मुलाखतीचं पत्र आलं.

१७ एप्रिल
महालक्ष्मी एक्स्प्रेस. फाइल उशाशी. आईचे डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावलेत. पुन्हा चाळले नाहीत.

१८ एप्रिल
दादरला उतरले. मावसबहिणीकडे अंघोळ, मग बीकेसी. फोन आत चालत नाही, तिच्याकडेच ठेवला.
अधिकारी तरुण मुलगी. पहिला प्रश्न: आईसाठी बाई ठेवता आली नसती का?
ठेवली होती, दिवसाची. रात्री मी. आईला बोलता येत नव्हतं, दुखतंय ते डोळ्यांनी सांगायची. ते मला कळायचं.
मग: इथे तुमचं घर आहे?
आईचं होतं, आता माझ्या नावावर आहे. राहायचं घर एडिसनला. तिथे नवरा आहे, मुलगी आहे.
तिने तिकिटांच्या ई-मेल एकेक वाचल्या. सावकाश. कळवू म्हणाली.

१९ एप्रिल
काही नाही.

२६ एप्रिल
काही नाही. उन्हाने गच्ची तापते. आईच्या साड्या वाटल्या. दोन ठेवल्या.

७ मे
मंजूर. ई-मेल वाचून देवापुढे दिवा लावला. मग ह्यांना फोन. बराच वेळ दोघंही बोललो नाही.
अजून व्हिसा बाकी. डीएस-२६०, २०५ डॉलर, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी. छातीचा एक्स-रे, लसी.

२३ मे
मुंबईत तपासणी. धनुर्वाताचं इंजेक्शन, दंड दुखतोय.

१४ जून
पासपोर्ट हातात. व्हिसा लागला. काकूंना आधी दाखवला, मग किल्ली त्यांच्याकडे दिली. दर आठवड्याला खिडक्या उघडतील.

१९ जून
उद्या निघायचं. लेक म्हणते, आता नागरिकत्वाचं बघ. बघेन. एवढी गैरहजेरी झाली, वास्तव्याची वर्षं पुन्हा मोजावी लागणार.
कार्तिकात वर्षश्राद्ध. त्याला येणार, हे ह्यांना आत्ताच सांगून ठेवलं. दोन आठवडे, परतीचं तिकीट काढूनच. लेक म्हणाली, कशाला पुन्हा जोखीम? जोखीम नाही. कार्ड चालू आहे, सुट्टी थोडी आहे. आणि आईचं श्राद्ध मी तिच्याच घरात करणार.