जिल्द

'जिल्द' हा शब्द तुम्हांला घरचाच वाटेल. अरबी भाषेत जिल्द म्हणजे कातडी. पूर्वी पुस्तकांना चामड्याचे आवरण घालत. त्यावरून पुस्तकाच्या बांधणीलाही हेच नाव पडले. कातडी शरीराला जपते, तशी जिल्द पानांना जपते. ही गोष्ट मला एका चुकीने शिकवली. ती चूक आज तुम्हांला सांगतो.

त्या वेळी मी मालेगावच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवत होतो. ग्रंथालयही माझ्याकडेच होते. कपाटाच्या तळाशी मासिकांचे गठ्ठे पडले होते. त्यांत मराठी 'किशोर' होते आणि उर्दू बालमासिकेही होती. पिना गंजल्या होत्या, मुखपृष्ठे निघाली होती. पुस्तक हरवले तर बहुधा नवे आणता येते. मासिकाचा जुना अंक मात्र सहसा मिळत नाही. बाहेरून बांधणी करून घ्यायला शाळेकडे पैसे नव्हते. "रद्दीत देऊन टाकू," असे सगळे म्हणू लागले. मी म्हटले, "आठ दिवस थांबा. मीच बांधतो."

'किशोर'चे बारा अंक मी क्रमाने लावले, दाभणाने भोके पाडली आणि डावी कड शिवली. काम छान जमले. त्याच उत्साहात उर्दू अंकही शिवले. दुसऱ्या दिवशी आठवीतल्या एका मुलीने तो खंड उलटसुलट करून पाहिला आणि हळूच विचारले, "सर, ही किताब उघडायची कशी?"

मी ओशाळलो. उर्दू मासिकाची घडी उजवीकडे असते आणि मी तर डावी कड शिवून टाकली होती! टाके उसवताना जुना कागद तुटू लागला. एका गोष्टीची शेवटची दोन पाने अक्षरांसह फाटली. त्या मुलीला तीच गोष्ट वाचायची होती. तो अंक पुन्हा कुठेच मिळाला नाही.

मुलगी रागावली नाही. दुसऱ्या दिवशी ती आजोबांना घेऊन आली. ते जुने जिल्दसाज होते. खंड पाहून ते हसले व म्हणाले, "मास्तरसाहेब, सुई लावण्याआधी किताबीला विचारावं, तुझी पाठ कुठं आहे?"

मग त्यांनी आम्हांला सगळे काम शिकवले. आधी अंक मोजायचे. गंजलेल्या पिना काढायच्या. पाठीकडची कड सारखी करून गठ्ठ्यावर विटा ठेवायच्या. कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत भोके पाडायची. फार आत शिवले तर अक्षरे शिवणीत दडतात; फार कडेला शिवले तर कागद फाटतो. दोऱ्याला मेणबत्ती घासायची. पाठीवर कापडाची पट्टी आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठे खळीने चिकटवायचे. खळीत त्यांनी किडीसाठी चिमूटभर मोरचूद, म्हणजे नीलाथोथा, टाकला. तो विषारी असतो, म्हणून मुलांना हात लावू दिला नाही. शेवटी खंड रात्रभर वजनाखाली ठेवायचा, म्हणजे पुठ्ठा वाकत नाही.

खर्च किती आला? यंत्रमागाच्या गावात सूत आणि कापडाचे तुकडे सहज मिळाले. पुठ्ठे जुन्या खोक्यांचे होते. विकत आणली ती फक्त कणीक, मेणबत्ती आणि मोरचूद. सुट्टीपर्यंत मुलांनी सगळे गठ्ठे बांधून काढले. रद्दीवाला रिकाम्या हाताने परत गेला.

'किशोर' १९७१ साली सुरू झाले. त्याचे जुने अंक आता संगणकावरही वाचता येतात. पण प्रत्येक मासिकाचे नशीब असे नसते. तुमच्या शाळेच्या हस्तलिखिताची तर एकच प्रत असते. तिला कोण जपणार?

त्या उर्दू खंडात फाटलेल्या पानांच्या जागी आम्ही दोन कोरे कागद शिवले आणि वर गोष्टीचे नाव लिहून ठेवले. कधीतरी कुणाच्या घरी तो अंक सापडेल आणि गोष्ट पुरी होईल, अशी आशा होती. म्हणून मित्रांनो, घरची रद्दी देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. कोण जाणे, ती दोन पाने तुमच्याच घरी असतील!