एकेरी मार्गावरील नाताळ

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगगाडीत या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोरच्या बाकांवर बसलेले दिसतात. कुणासाठी नाताळ म्हणजे मुलांच्या शाळेची सुट्टी आणि समुद्रकिनाऱ्याची सहल. कुणासाठी तो वर्षभर वाट पाहून घरी परतण्याचा सण. पूर्वी बोटीवर नोकरी शोधण्यासाठी गोव्याची माणसे मुंबईत येत, तेव्हा धोबीतलाव परिसरातील ‘कूड’ हा त्यांचा आसरा असे. गावागावाने आपल्या माणसांसाठी उभारलेली ही वसतिस्थाने. पिढ्या बदलल्या, तरी २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला आपल्या गावच्या चर्चमध्ये पोहोचण्याची ओढ तीच राहिली.

या ओढीला कोकण रेल्वेचा मोठा आधार आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग संपूर्ण खुला झाला. नव्वदहून अधिक बोगदे, त्यांतील रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटरचा. पानवल नदीवरील पूल ६४ मीटर उंच. मात्र या मार्गाचा बराचसा भाग आजही एकेरी आहे. समोरून गाडी येणार असेल, तर एकीने स्थानकात थांबायचे आणि दुसरीला वाट द्यायची. सुट्टीत जादा गाड्या सुटल्या की हे थांबणे वाढत जाते.

अशाच एका २४ डिसेंबरला, सकाळी मुंबईहून निघालेली गाडी तीन तास उशिरा धावत होती. डबा खच्चून भरलेला. मुंबईच्या कापडबाजारातील एक व्यापारी कुटुंब खिडकीजवळ बसले होते. वर्षअखेरची उधारी, पोहोचायचा माल, दुकानातून येणारे फोन. बोगदा आला की बोलणे अर्ध्यावर तुटे आणि कपाळावर आठी उमटे. मुले कंटाळली होती. आजींचे लक्ष मात्र मनगटावरील घड्याळाकडे होते. त्यांचा चौविहार; सूर्यास्तापूर्वी जेवण आणि पाणी उरकायला हवे होते.

समोर बसलेल्या वृद्ध गोवेकर बाईही वारंवार घड्याळ पाहत होत्या. मुले त्यांना एव्हाना ‘आंटी’ म्हणू लागली होती. मडगावहून पुढे त्यांचे गाव तासाभराच्या अंतरावर. बारा वाजण्यापूर्वी पोहोचता येईल का, हीच त्यांना काळजी. एकीला सूर्यास्त गाठायचा होता, दुसरीला मध्यरात्र.

राजापूर ओलांडल्यावर गाडी एका लहानशा स्थानकात थांबली. पावणेसहा वाजले होते. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर टेकलेला. आजींनी लगबगीने डबा उघडला, खाखरे आणि सुकी भाजी काढली, आणि रिवाजाप्रमाणे पहिला खाखरा समोर केला. आंटींनी तो घेतला. मग आपल्या पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. गोव्यात नाताळच्या फराळाला कुस्वाद म्हणतात. तो शेजारीपाजारी, धर्म न विचारता वाटला जातो. डब्यात थरांचे बेबिंका होते, नेवऱ्या होत्या आणि काळसर चकचकीत दोदोल. आजींनी काही विचारण्यापूर्वीच आंटींनी बेबिंका बाजूला सारले.

“यात अंडं असतं, हे तुम्हाला नको. दोदोल घ्या. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ, दुसरं काही नाही.”

आजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, एक लहानसा तुकडा तोंडात घातला, आणि पाण्याचा शेवटचा घोट घेऊन हात जोडले. बाहेर सूर्य दिसेनासा झाला होता.

तेवढ्यात समोरून गाडी आली. उघड्या वाघिणींवर भरलेले ट्रक एकामागून एक उभे, आणि चालक आपापल्या केबिनमध्ये बसलेले. मालाने भरलेले ट्रकच रेल्वेवर चढवून नेण्याची ही ‘रो-रो’ सेवा १९९९ पासून कोकणात चालू आहे. मुलांनी हात हलवले. एका चालकाने दिवा दोनदा उघडझाप करून उत्तर दिले. मुले आनंदाने ओरडली.

दिवसभर उशिरावर चिडलेले वडील ते ट्रक पाहत राहिले. “यांच्यात आपल्यासारख्याच कुणाचा तरी माल असेल,” ते मुलाला म्हणाले. “बिल्टी हातात धरून तोही वाट पाहत असेल.” त्यानंतर त्यांनी फोन खिशात ठेवला, तो मडगावपर्यंत बाहेर काढला नाही. पुढच्या बोगद्यात डब्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी कोंकणी नाताळगीत सुरू केले आणि अंधारात आंटींचाही सूर त्यात मिसळला.

मडगावला गाडी पोहोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. आंटींना न्यायला भाचा आला होता. निरोपाला वेळच नव्हता. आजींनी उरलेले खाखरे त्यांच्या पिशवीत सरकवले, एवढेच.

टॅक्सीतून जाताना घरोघरी कागदी चांदण्यांचे कंदील उजळलेले दिसत होते. मुलगा ते मोजत होता. मध्येच थांबून त्याने विचारले, “आजी, आंटी पोचल्या असतील का गं?”

आजींनी घड्याळ पाहिले. सव्वाअकरा.

“पोचल्या असतील,” त्या म्हणाल्या. दूर कुठेतरी चर्चची घंटा वाजू लागली होती.