मातीला न गेलेली माणसे

आमच्या भागात कुणी गेल्याचे कळले, की पहिला प्रश्न येतो तो ‘माती कधी हाय?’ असा. मातीला जाणे म्हणजे अंत्यविधीला जाणे. ज्याच्याशी बांधावरून दहा वर्षे बोलणे बंद आहे असा भाऊबंदही मातीला येतो, लांब उभा राहतो आणि न बोलता निघून जातो. तो आला नाही, तर ती गोष्ट पुढच्या पिढीपर्यंत लक्षात ठेवली जाते. लग्नाला न गेलेला माणूस क्षम्य, मातीला न गेलेला नव्हे, असा इकडचा हिशेब. मग ज्याच्या मातीला जाण्याचा आपल्याला कोणताच हक्क नाही, ज्याने आपल्याला कधी नावाने ओळखले नाही, पण ज्याच्या जाण्याने घरातले भांडे पडल्यासारखा आवाज होतो, त्याचे सुतक कसे पाळायचे? हा प्रश्न आम्हांला पहिल्यांदा पडला तो मुदखेडच्या रेल्वे फलाटावर, फेब्रुवारी २००९ मध्ये.

त्या सोमवारी सकाळपासून दूरचित्रवाणीवर ए. आर. रहमान यांच्या ऑस्करचा जल्लोष चालू होता. आदल्या दिवशी, २२ फेब्रुवारीला, औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) डॉ. लक्ष्मण देशपांडे गेले होते. मुदखेड हे जंक्शन; इथून एक फाटा आदिलाबादकडे जातो, दुसरा निजामाबादकडे, आणि दोन्हींकडच्या गाड्यांची वाट पाहत बसणे हा इथल्या माणसांचा जुना धंदा. आम्ही चारपाच जण संध्याकाळी असेच बसलो होतो. बातमी सर्वांना ठाऊक होती, पण विषय कुणी काढत नव्हते. अखेर आमच्यातल्या एकाने काही न सांगता ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधल्या एका म्हाताऱ्याच्या आवाजात गाडीच्या उशिराबद्दल बोलायला सुरुवात केली. दुसऱ्याने बाईच्या आवाजात उत्तर दिले. पाचएक मिनिटांत शेजारच्या बाकावरचे दोन अनोळखी गृहस्थही त्यात शिरले. त्यांतले एक तर आमच्यापेक्षा कितीतरी सरस नकला करीत होते. हसून हसून डोळ्यांत पाणी आले. गाडी आली, आम्ही उठलो, आणि मग कुणीही कुणाकडे पाहीना.

त्या हसण्याची आम्हांला पुढे बरेच दिवस लाज वाटली. वर्तमानपत्रांतून रीतसर श्रद्धांजल्या आल्या. रंगभूमीची कधीही भरून न येणारी हानी झाली, एक पर्व संपले, पोकळी निर्माण झाली. (मराठी श्रद्धांजल्यांतून आजवर निर्माण झालेल्या पोकळ्यांची बेरीज केली तर महाराष्ट्रात उभे राहायला जागा उरणार नाही.) त्यांत गिनीज बुकातल्या नोंदीचा उल्लेख होता, बावन्न पात्रे एकट्याने उभी करण्याच्या विक्रमाचा होता, मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुखपद त्यांनी भूषविल्याचा होता. सारे खरे होते. पण आमच्या फलाटावर जे झाले होते त्याला त्या मजकुरात कुठेच जागा नव्हती.

‘वऱ्हाड’ आम्हांला प्रथम भेटले ते ध्वनिफितीवर. मराठवाड्यातल्या ज्या घरांत टेपरेकॉर्डर होता, त्यांतल्या कितीतरी घरांत ही कॅसेट होती, आणि ती सत्यनारायणाच्या पोथीपेक्षा अधिक वेळा वाजलेली असे. आमच्यातल्या एकाच्या ओसरीवर ती लागायची. आम्ही शाळकरी पोरे लोळून हसत असू. त्याचे आजोबा मात्र काठी मांडीवर ठेवून गंभीरपणे ऐकत. एकदा कॅसेट संपल्यावर त्यांनी विचारले, “कामून हासायलाव रे तुम्ही? हे तं आपलंच बोलणं हाय. ह्याच्यात हासायसारखं काय हाय?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्यांच्या त्या प्रश्नालाही हसलो.

उत्तर नसल्याचे कळले ते पुढे, पुण्याच्या एका महाविद्यालयात. पहिल्याच आठवड्यात आमच्यातल्या एकाने वर्गात उभे राहून ‘कामून’ म्हटले आणि साठ मुले हसली. प्राध्यापकही हसले, मनात वाईट नसावे. त्याने पुढची तीन वर्षे वर्गात तोंड उघडले नाही. आम्ही बाकीच्यांनी वेगळा मार्ग धरला. ‘का बरं’ म्हणायला शिकलो, ‘हाय’चे ‘आहे’ केले, ‘ण’ आणि ‘न’ यांचा आरशासमोर सराव केला. गावाकडे गेल्यावर मात्र आईशी बोलताना नेमके ‘आहे’ तोंडातून निसटे आणि ती थट्टेने अहोजाहो करू लागे.

गंमत अशी, की वसतिगृहातल्या त्याच मुलांकडेही ‘वऱ्हाड’ची कॅसेट होती. त्यांनाही ती तोंडपाठ होती आणि आम्ही मराठवाड्याचे म्हणून ती नक्कल आमच्याकडूनच करवून घेतली जाई. आम्ही ती करीत असू. आपल्या आजोबांचे बोलणे नक्कल म्हणून करून दाखविले की टाळ्या मिळतात, आणि तेच बोलणे आपले म्हणून बोलले की हशा. या दोहोंतल्या अंतरावर आम्ही तीन वर्षे काढली.

म्हणून लक्ष्मणरावांविषयीचे आमचे प्रेम निखळ होते, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. खेड्यातले वऱ्हाड विमानात बसविल्यावर शहरी प्रेक्षक जो हसतो, तो नेमका कुणाला हसतो, हा प्रश्न समीक्षेने त्यांना फारसा विचारला नाही. आम्हांला मात्र तो सतत टोचत आला. एकदा औरंगाबादेत प्रत्यक्ष प्रयोग पाहिला तेव्हा थोडा उलगडा झाला. कॅसेटवर फक्त आवाज होते. रंगमंचावर एक माणूस होता. भरदार, घामाने भिजलेला, एका वाक्याच्या मध्यात मान वळवून म्हातारा होणारा आणि वाक्य संपायच्या आत सासुरवाशीण होणारा. त्यातले एकही पात्र विमानात बसल्याने लहान झाले नव्हते. उलट विमानच वस्तीच्या एसटीसारखे होऊन गेले होते. ती माणसे जगात कुठेही गेली तरी आपल्याच बोलीत जगाला दरडावतील अशी होती. दुसरे असे, की आमच्या पुढच्या रांगेत एक धोतर-फेट्यातले वृद्ध जोडपे बसले होते. ते आमच्याहून वेगळ्या जागी हसत होते. पात्रांच्या उच्चारांना ते हसलेच नाहीत. त्यांच्या हिकमतींना हसले. म्हणजे एकाच प्रयोगात दोन प्रेक्षागृहे बसलेली होती, आणि एकट्या नटाला ती दोन्ही ठाऊक होती. नाट्यशास्त्र शिकविणाऱ्या या माणसाला प्रमाण मराठी आमच्याहून नक्कीच चांगली येत होती. बोली ही त्याची अगतिकता नव्हती, निवड होती. आमच्या पिढीला ही शक्यता सुचलीच नव्हती.

फलाटावर आम्ही हसलो तेव्हा आमचे सगळ्यांचे ‘आहे’ गळून पडले होते आणि आम्ही चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा ‘हाय’ म्हणत होतो, हे आता ध्यानात येते.

गेल्या काही वर्षांत नामवंतांच्या मृत्यूंची जी रीघ लागली, तिच्यात हे असे शोक अधिकच वेगळे उठून दिसतात. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या तेव्हा देशाने दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. कसे हळहळावे हे सांगायला सारे माध्यमविश्व हजर होते. मुदखेड हा फुलांचा तालुका. मोगरा, गुलाब, काकडा इथल्या शेतांतून पहाटे खुडून बाजाराला जातो. त्या दिवशी आमच्या ओळखीच्या एका फुलवाल्याने चौकातल्या तसबिरीसाठी हार फुकट दिला आणि म्हणाला, “सर, ह्यांचं गाणं लावल्याबिगर आमची आई फुलं गुंफत नव्हती.” एवढे एक वाक्य सोडले, तर त्या दोन दिवसांत ऐकलेले काहीच आठवत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये शेन वॉर्न गेला, डिसेंबरमध्ये सुलोचना चव्हाण गेल्या. लावणी डोक्यावरचा पदर ढळू न देता गायलेल्या त्या बाईंबद्दल आमच्या शेजारच्या आजी एवढेच म्हणाल्या, की रेडिओवर त्यांचे गाणे लागले की घरातले पुरुष उठून बाहेर जात आणि बायकांना निवांतपणा मिळे. असला तपशील कोणत्याही मृत्युलेखात सापडणार नाही.

आणि ३ मार्च २०२५ रोजी पद्माकर शिवलकर गेले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि कसोटी सामने शून्य. मुंबईच्या मैदानाशी मराठवाड्यातल्या माणसाचा संबंध तो काय! पण आमच्या स्टाफरूममधले एक वयस्क सहकारी त्या दिवशी ५८९ हा आकडा फळ्यावर लिहून बसले. बिशनसिंग बेदी त्या काळात होते म्हणून संधी मिळाली नाही, हे त्यांनाही मान्य होते. तरीही ते चिडलेले होते. आमच्या मराठवाड्यात सिंचनापासून रस्त्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीला ‘अनुशेष’ असतो. त्यांनी शिवलकरांना त्या खात्यात जमा करून घेतले होते. असो.

खेळाडूंचा विषय निघालाच आहे, तर आमच्याकडच्या एका म्हाताऱ्याची हकीकत सांगितली पाहिजे. मुदखेडजवळच्या एका खेड्यातले हे गृहस्थ तरुणपणी थोडीफार कुस्ती खेळलेले. दर मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला ते जात. एकीकडे तमाशाचे फड, दुसरीकडे घोड्या-गाढवांचा बाजार आणि मधोमध कुस्त्यांची दंगल. त्यांना फक्त तिसऱ्या गोष्टीत रस होता. त्यांचे दैवत म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार. लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा मल्ल १९६९ साली, लातूरलाच, महाराष्ट्र केसरी झाला. १९७७ मध्ये बेळगावात त्याने दिल्लीच्या सतपालला हरविले. त्या कुस्तीचे नाव निघाले की अजून जुनी माणसे सरसावून बसतात.

आमच्या या आजोबांनी ती कुस्ती शंभरदा सांगितली असेल. ते बेळगावला गेले नव्हते. बेळगाव जाऊ द्या, ते सोलापूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. तरी त्यांच्या सांगण्यात आखाड्याची तांबडी माती होती, लोकांनी उडविलेले फेटे होते, सतपालच्या मानेवरचा घाम होता. फक्त डाव दर वेळी बदलत असे. कधी घिस्सा, कधी ढाक, कधी एकचाक. आमच्यातल्या एका चिकित्सकाने एकदा त्यांना टोकले, की आजोबा, गेल्या साली तुम्ही ढाक म्हणला होता. त्यावर त्यांनी शांतपणे विचारले, “पडला का न्हाई?” पडला, आम्ही म्हणालो. “मंग?”

साहित्याच्या वर्गात आम्ही मौखिक परंपरेवर तासन्‌तास बोलतो. एका कथनाची रूपे का बदलतात, निवेदक स्वतःला कुठे ठेवतो, वगैरे. त्या ‘मंग?’ इतके नेमके आम्हांला अजून काही सांगता आलेले नाही.

१४ सप्टेंबर २०११ रोजी पुण्यात बिराजदार गेले. वयाची साठी नुकतीच ओलांडलेली. आजोबांना बातमी दुसऱ्या दिवशी पेपरातून कळली. पुण्याला जाणे शक्यच नव्हते. जाऊन कुणाला काय सांगणार? दुपारी ते घरात दिसेनात. संध्याकाळी पायी परत आले तेव्हा सुनेने विचारले, कुठे गेल्ता? गावाबाहेर एक जुनी तालीम आहे, आता तिथे कुणी फारसे खेळत नाही. तिथे जाऊन ते हौद्याच्या कडेला बसून आले होते. हाताला आणि गुडघ्याला तांबडे लागलेले होते.

“मातीला गेल्तो,” ते म्हणाले. सुनेला वाटले गावात कुणी गेले. तिने अंघोळीचे पाणी बाहेर काढले.

ही गोष्ट आम्हांला त्यांच्या मुलाने सांगितली. सांगताना त्यालाही ती थोडी हास्यास्पद वाटत होती आणि आम्हीही सुरुवातीला हसलो. अंघोळीच्या पाण्याच्या उल्लेखाशी आल्यावर थांबलो.

कुस्तीचे एक बरे असते, की तिथे गुरूच्या मागे शिष्य राहतो. बिराजदारांच्या हाताखाली तयार झालेला पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकला आणि ते त्याने दिवंगत गुरूला अर्पण केले. एकपात्री प्रयोगाचे काय करायचे, हे आम्हांला कळत नव्हते. एका माणसाबरोबर बावन्न माणसे जातात, अशी आमची समजूत. पुढे संदीप पाठक ‘वऱ्हाड’ करू लागले. पहिल्यांदा आम्ही ते हट्टाने पाहायला गेलो नाही. दुसऱ्यांदा गेलो आणि पहिली वीस मिनिटे हा म्हातारा असा नव्हता, ही बाई अशी वळत नव्हती, असे मनातल्या मनात टोकत बसलो. मग आमच्या मागे बसलेली एक नऊदहा वर्षांची मुलगी खदखदून हसली आणि आईला विचारू लागली, की हे सगळे आपल्या आजीसारखे कसे काय बोलतात? आई म्हणाली, गप बस. मुलगी गप्प बसली नाही. तिने तोच प्रश्न मध्यंतरात पुन्हा विचारला, या वेळी आजीच्याच बोलीत.

आवारेच्या सुवर्णपदकाची बातमी आली तेव्हा आम्ही त्या आजोबांच्या घरी पेढे घेऊन गेलो होतो. ते स्वतः आता नव्हते. मुलाने पेढे देवापुढे ठेवले, आम्हांला चहा दिला, आणि मग, आम्ही काही न विचारताच, बेळगावची कुस्ती सांगायला बसला. तांबडी माती, फेटे, मानेवरचा घाम, सारे होते. डाव मात्र आम्ही आधी कधी न ऐकलेला होता. आमच्यातला चिकित्सक हातात बशी धरून ऐकत राहिला. या वेळी त्याने टोकले नाही.