एकटेपणाचा बाजार

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला एकट्याने प्रवास करण्याची सवय लवकर लागते. बदलीचा हुकूम येतो तेव्हा मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. घरची मंडळी मागे ठेवून तो पुढे जातो, सरकारी विश्रामगृहात मुक्काम टाकतो, आणि रविवार कसा घालवावा हे न सुचून जवळपासची देवळे व किल्ले पाहत हिंडतो. या हिंडण्यात एक सुख आहे. तेथे आपणांस कोणी ओळखत नाही, 'साहेब' म्हणून कोणी उठून उभे राहत नाही, आणि रस्त्यात उभे राहून शेंगदाणे खाल्ले तरी कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. परंतु याच अनोळखीपणावर डोळा ठेवून असलेला एक व्यापार जगात चालतो, आणि त्याची गाठ आम्हांस काशीत, तीही एका पेशव्याच्या घाटावर पडावी, हे चमत्कारिक खरे.

काशीचे घाट मोजू लागले म्हणजे मराठी माणसाचा ऊर भरून येतो. अहल्याबाईंचा घाट, भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट! केदारघाटाकडून दशाश्वमेधाकडे चालू लागले म्हणजे नारदघाटापाशी अमृतराव घाट लागतो. लोक त्याला राजाघाट म्हणतात. राघोबादादांनी दत्तक घेतलेले हे अमृतराव. १८०३ साली इंग्रजांशी करार करून त्यांनी पेशवाईवरचा हक्क सोडला, सालीना सात लाख रुपयांची नेमणूक पत्करली, आणि कर्वी व काशी येथे उरलेले आयुष्य घालविले. १८२४ साली ते वारले. त्याच वर्षी काशीस आलेल्या बिशप हेबर यांनी त्यांच्या वार्षिक दानधर्माची हकीकत लिहून ठेवली आहे. ब्राह्मणांस व आंधळ्यापांगळ्यांस ते ठराविक माप तांदूळ आणि एक रुपया देत असत. निवृत्तिवेतनावर परमुलखात राहिलेला हा पेशवा म्हणजे एका अर्थी आम्हां मंडळींचा पूर्वसूरीच. त्यामुळे त्या घाटाविषयी आम्हांस आपलेपणा वाटतो, आणि काशीस गेलो की सायंकाळी आम्ही तेथेच जाऊन बसतो.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकात असेच बसलो असता विशी-बाविशीचा एक तरुण जवळ आला. कपडे नीटनेटके, बोलणे अदबीचे. प्रथम त्याने नावेविषयी विचारले. आम्ही नको म्हटले. मग बनारसी शालूंची कोठी दाखवितो म्हणाला. तेही नको म्हटल्यावर मालिशचा विषय निघाला. तिसऱ्या नकारानंतर तो एक पायरी खाली उतरून आमच्या समोर उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अकेले हैं, साहब?" उत्तराची वाट न पाहता त्याने खिशातील मोबाईल काढून आमच्यापुढे धरला. पडद्यावर मुलींची छायाचित्रे होती. त्यांतल्या दोघी तरी शाळेच्या गणवेशात शोभाव्यात अशा वयाच्या दिसत होत्या. आम्ही उठलो, तसा तो रागावला नाही, शरमला नाही. "कल आइए," एवढे म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. ते गिऱ्हाईक पाठीवर पिशवी अडकवलेला एक युरोपीय प्रवासी होते. त्याच्याशी हा तरुण तितक्याच सहजतेने इंग्रजीत बोलू लागला.

आम्ही पोलीस चौकीवर गेलो. तेथील अंमलदाराने आमची लेखी माहिती घेतली, त्या तरुणाचे वर्णन टिपून घेतले, आणि लेखणी खाली ठेवून विचारले, "आप यहाँ अकेले आए हैं?" प्रश्न तोच होता. फक्त या वेळी त्यात आमिषाऐवजी संशय होता. रात्री मुक्कामावरून मुलांच्या साहाय्यासाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावरही आम्ही सर्व हकीकत सांगितली. पुढे काय झाले हे आम्हांस कळले नाही. सरकारी माणसाला आपल्या कागदाचे पुढे काय झाले हे न कळण्याची सवय असते. तथापि त्या रात्री त्या सवयीचा काही उपयोग झाला नाही.

उतरलो होतो त्या घरचे गुरुजी मूळचे कोकणातले, चार पिढ्या काशीत काढलेले. सकाळी चहा देता देता त्यांनी आमची चर्या ओळखली. हकीकत ऐकून म्हणाले, "अहो साहेब, क्षेत्राच्या ठिकाणी हे पूर्वापार चालत आलेले आहे. म्हण ठाऊक आहे ना तुम्हांला? रांड, सांड, सिढी आणि संन्यासी यांतून जो वाचेल त्याने काशी सेवावी. तुम्ही वाचलात. गंगेत एक बुडी मारा आणि विसरा."

गुरुजींचा हेतू सांत्वनाचा होता. परंतु त्या म्हणीतील पहिलाच शब्द आमच्या मनातून जाईना. 'रांड' म्हणजे विधवा, आणि 'रांड' म्हणजे वेश्या. हिंदीत तसेच, मराठीत तसेच. नवरा गेलेली बाई आणि विकली जाणारी बाई यांना आपल्या पूर्वजांनी वेगवेगळे शब्द देण्याची तसदी घेतली नाही. ही भाषेची गरिबी नव्हे, समाजाने केलेली नोंद आहे. जिच्या पाठीशी पुरुष नाही ती कोणाचीही, हा तिचा अर्थ. म्हण तर आणखी पुढे जाते. तिच्या दृष्टीने वाचवायचे आहे ते यात्रेकरूला. त्या बाईला कोणापासून वाचवायचे, याचा उल्लेखच तीत नाही.

आणि या बायका काशीत आल्या कोठून? त्यांतल्या काही आपल्याच घरांतून आल्या. पदरी मूल येण्याची भीती असलेली तरुण विधवा 'काशीस ठेवली' म्हणून सांगणारी कुटुंबे पुण्या-साताऱ्याकडे होती. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते अशा स्त्रियांसाठीच. ज्या मराठी घाटांचा आम्हांस अभिमान वाटतो, त्यांच्या पायऱ्यांवर आपण टाकून दिलेल्या लेकीही बसत असत, हे त्या अभिमानाबरोबर लक्षात ठेविले पाहिजे.

येथे आम्हांस पंडिता रमाबाईंची आठवण होते. १८९५ च्या सुमारास त्या गरीब यात्रेकरू बाईचा वेष घेऊन वृंदावनास गेल्या. तेथे धर्माच्या नावाखाली विधवांना कसे गुंतविले जाते आणि त्यांचे पुढे काय होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि काही जणींना तेथून सोडवून आणले. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी वाचकांची मते काहीही असोत, त्या प्रवासाचे धैर्य कोणी नाकारणार नाही. पुरुष एकटा हिंडतो तेव्हा बाजार त्याला गिऱ्हाईक समजतो. स्त्री एकटी हिंडते तेव्हा तोच बाजार तिला माल समजतो. 'अकेले' आणि 'अकेली' यांत व्याकरणाने एका स्वराचा भेद केला आहे. व्यवहारात त्या दोहोंमध्ये एक दलाल बसलेला असतो. तो आपणच व्हावयाचा माल असताना गिऱ्हाइकाच्या वेषात नव्हे, पण यात्रेकरूच्या वेषात रमाबाई त्याच्या दारापर्यंत जाऊन आल्या.

आजच्या काशीत ही वस्ती घाटावर नाही. मंडुआडीह स्थानक, ज्याचे नाव आता बनारस असे झाले आहे, त्याच्या बाजूस शिवदासपूर म्हणून भाग आहे, आणि तेथून अल्पवयीन मुलींना सोडविण्याचे प्रयत्न वेळोवेळी झाले आहेत. घाटावर फिरतात ते दलाल. याचे कारणही उघड आहे. जेथे अनोळखी माणसे रोज येतात आणि चार दिवसांनी निघून जातात, तेथे हा धंदा फोफावतो. तीर्थक्षेत्र आणि समुद्रकिनाऱ्याचे विलासस्थान यांत या बाबतीत फारसा फरक नाही. थायलंडात पटायाचे जे झाले, त्याचा आरंभ १९६० च्या दशकात व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांना तेथे रजेवर पाठविण्यात आले त्यातून झाला. सैनिक गेले, बाजार राहिला, आणि पुढे सैनिकांच्या जागी जगभरचे प्रवासी आले. आपल्याकडे गोव्यात १९९१ साली मडगावी फ्रेडी पीट्स नावाच्या इसमास अटक झाली. निराधार मुलांचा आश्रम चालवितो असे तो दाखवीत असे, आणि ती मुले परदेशी पाहुण्यांच्या वासनेस पुरवीत असे. १९९६ साली त्यास जन्मठेप झाली. २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला.

म्हणजे आपला देश या व्यापारात केवळ यजमान आहे काय? एके काळी तसे म्हणता आले असते. आज आपणच पाहुणेही आहो. परत आल्यावर आमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळात पत्त्यांच्या टेबलावर हा विषय निघाला. एक स्नेही पाच-सहा मित्रांसह बँकॉकला जाणार होते. मंडळी डोळे मिचकावीत होती. आम्ही घाटावरची हकीकत सांगितली, तेव्हा स्नेही म्हणाले, "अहो, काशीचे काशीत. तिकडे सगळे राजीखुशीचे असते. तुम्ही उगीच मनाला लावून घेता."

आम्ही त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कायद्याची. थायलंडात १९९६ च्या कायद्यानेही वेश्याव्यवसायास बंदी आहे, म्हणजे 'तिकडे चालते' हे दलालाचे म्हणणे आहे, तिथल्या विधिमंडळाचे नव्हे. शिवाय भारतीय नागरिकाने परदेशात केलेला अपराध आपल्या न्यायालयात चालू शकतो. जुन्या दंडसंहितेच्या चौथ्या कलमात ही तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेतही ती आहे. चौकशी व खटल्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, इतकेच. अठरा वर्षांखालील मुलीची 'राजीखुशी' आपला कायदा मानीत नाही, मग ती मुलगी शिवदासपुरात असो वा पटायात. विमानात बसल्याने दंडसंहिता मागे राहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. सज्ञान स्त्री स्वतःच्या इच्छेने हा व्यवसाय करीत असेल तर तिचा छळ होऊ नये, तिला माणूस म्हणून वागविले जावे, असा आदेश आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला आहे. तो आम्हांस मान्य आहे, आणि योग्यही वाटतो. आमची अस्वस्थता त्या स्त्रीविषयीच्या तिरस्काराची नव्हे. ती या गोष्टीची आहे की, जो पाहुणा चार दिवसांसाठी येतो, ज्याला तिथली भाषा येत नाही, ज्याला तिचे खरे नाव कळत नाही, त्याला तिची राजीखुशी कळणार कशी? तो ती दलालाकडून ऐकतो. आमच्यापुढे पडदा धरणाऱ्या त्या तरुणानेही, विचारले असते तर, सर्वजणी खुशीने येतात असेच सांगितले असते. आणि त्याचे वय पाहता, तो स्वतः या धंद्यात कितव्या वर्षी आणि कोणाच्या खुशीने आला, हाही प्रश्न आहेच.

स्नेह्यांनी पत्ते खाली ठेवले. "तुम्ही आम्हांला त्या पोराच्या गिऱ्हाइकांत बसवलेत," ते म्हणाले. आम्ही म्हटले, "बसवले नाही. तिथे जागा राखून ठेवलेली असते, एवढेच सांगितले. बसावयाचे की नाही हे तुमच्या हाती आहे."

आपणांपैकी अनेक जण आज सरकारी खात्यांत, बँकांत, रेल्वेत, मोठमोठ्या कंपन्यांत अधिकाराच्या जागी आहेत. सहलींना मंजुरी देणारे, परिषदांची स्थळे ठरविणारे, पाहुण्यांच्या सरबराईची बिले तपासणारे आपणच. कोणते 'करमणूक खर्च' डोळे झाकून मंजूर होतात हे आपणांस आमच्याहून अधिक ठाऊक असेल. तेथे एखादी टीप लिहून कागद परत पाठविणे हे काही रमाबाईंचे धैर्य नव्हे, पण आपल्या हातातले काम आहे. प्रवासात कोणी लहान वयाची मुलगी दाखविली तर उठून जाणे पुरेसे नाही. कोठे, केव्हा, कोण, हे लिहून ठेवून योग्य ठिकाणी कळविणे जमण्यासारखे आहे. त्याबद्दल चौकीवर संशयाने पाहिले गेले तर तेही सोसावे. संशयाचा हा त्रास आपल्याला एका संध्याकाळपुरता होतो.

ते स्नेही त्यानंतर आमच्याकडे आलेले नाहीत. ते सहलीस गेले की नाही, गेले तर तेथे काय केले, हे आम्ही विचारलेले नाही. त्यांच्या कुटुंबाची व आमच्या कुटुंबाची भाजीबाजारात गाठ पडते, दोघी मुलांच्या अभ्यासाविषयी बोलतात, आणि हा विषय टाळतात. बारा वर्षांची मैत्री अशी अवघडून बसली याचे वाईट वाटते. गणेशोत्सवात मंडळात भेट होईल, तेव्हा आम्ही पुढे होऊन त्यांच्याशी बोलणार आहो. मात्र पत्त्यांच्या टेबलावर जे म्हटले, त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही.